बरणीतले हृदय खाली का पडत नाही?

आमच्या गावातील शाळेची आठवी-नववीची मुले जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रदर्शन पाहायला गेली होती. मुख्याध्यापकांनी आग्रह केला म्हणून मीही बरोबर गेलो. बसमध्ये अखंड चाललेला मुलांचा गलका विकृतिशास्त्राच्या, म्हणजे पॅथॉलॉजीच्या संग्रहालयात शिरताच थांबला. दोन्ही बाजूंना उंच कपाटे आणि त्यांत ओळीने मांडलेल्या बरण्या. कुठे फुप्फुस, कुठे यकृत, कुठे मेंदूचा काप. काहींनी नाकाला रुमाल लावले, काही दारातूनच परतले. एक मुलगी मात्र एका बरणीपुढे बराच वेळ उभी होती. मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "डॉक्टर आजोबा, हे हृदय खरे आहे ना? मग ते खाली का पडत नाही?"

मी अनेक वर्षे पॅथॉलॉजी शिकवली. हृदयाबद्दल विद्यार्थ्यांनी मला शेकडो प्रश्न विचारले, पण हा प्रश्न कोणी विचारल्याचे आठवत नाही. त्या गर्दीत मी तिला दोन वाक्यांत उत्तर दिले. परतीच्या प्रवासात मात्र वाटले की या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचे तर एक लेखच लिहावा लागेल. या सदरात आपण नेहमी आजार आणि उपचार यांविषयी बोलतो. आज थोडे वेगळे बोलू. ज्या बरण्या पाहून डॉक्टर शिकतात, त्या तयार कशा होतात, त्यांच्यात आपल्यासाठी काय धडा आहे आणि त्यांच्याशी आपले नाते काय, हे पाहू.

पहिले काम : कुजू न देणे

शरीरातून बाहेर काढलेला कोणताही अवयव काही तासांतच कुजू लागतो. ते थांबवण्यासाठी पूर्वी मद्यार्क वापरत. अॅमस्टरडॅमच्या फ्रेडरिक रॉइश या शरीररचनातज्ज्ञाने असा मोठा संग्रह केला होता आणि रशियाचा सम्राट पीटर याने तो १७१७ साली विकत घेतला. पण मद्यार्क महाग, शिवाय त्यात अवयव आकसतो आणि पांढरट पडतो.

खरा बदल झाला तो १८९३ साली. जर्मनीतील फ्रँकफर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लूम हे फॉर्मॅलिन या रसायनाने जंतू मरतात का, याची तपासणी करत होते. काम करता करता त्यांच्या लक्षात आले की आपल्याच बोटांची कातडी कडक झाली आहे. जे बोटाच्या कातडीचे झाले, तेच अवयवाचे होईल, हे त्यांनी ओळखले. तेव्हापासून आजपर्यंत फॉर्मॅलिनची जागा पूर्णपणे दुसऱ्या कोणी घेतलेली नाही.

फॉर्मॅलिन नेमके काय करते? आपल्या पेशी प्रथिनांच्या बनलेल्या आहेत. फॉर्मॅलिन या प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकते. अंडे उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो, तसाच प्रकार, पण उष्णतेशिवाय. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग, असे मिश्रण करतात. अवयवाच्या आकारमानाच्या निदान दहापट द्रावण असावे, असा आमचा नियम. फॉर्मॅलिन आत फार सावकाश मुरते, हेही ध्यानात ठेवावे लागते. अख्खे यकृत तसेच बुडवून ठेवले तर वरचा थर टिकतो आणि आतला गाभा सडतो. म्हणून मोठ्या अवयवाचे जाड काप करतात किंवा त्याच्या रक्तवाहिन्यांतून द्रावण आत सोडतात.

फॉर्मॅलिनचा एक दोष म्हणजे त्यात रक्ताचा लाल रंग जाऊन सगळे तपकिरी दिसू लागते. विद्यार्थ्याला तर रंगावरूनही आजार ओळखायचा असतो. यावर कार्ल कायझरलिंग या जर्मन वैद्याने १८९७ साली उपाय काढला. आधी फॉर्मॅलिनमध्ये काही क्षार मिसळून अवयव टिकवायचा, मग काही तास मद्यार्कात ठेवायचा आणि शेवटी ग्लिसरीनच्या द्रावणात कायमचा मांडायचा. मद्यार्कात ठेवल्यावर गेलेला रंग हळूहळू परत येताना दिसतो. मी प्रथम हे पाहिले तेव्हा मला ती जादूच वाटली होती. पण मद्यार्कात जास्त वेळ राहिले की तो रंग पुन्हा जातो आणि मग परत येत नाही. म्हणून दर थोड्या वेळाने जाऊन पाहावे लागते.

दुसरे काम : आकार राखणे

फॉर्मॅलिनमध्ये अवयव ज्या आकारात कडक होतो, तोच आकार कायम राहतो. म्हणून आधार देण्याचे काम बरणीत नव्हे, तर पहिल्याच दिवशी बादलीत सुरू होते. प्रत्येक अवयवाचा स्वभाव निराळा असतो आणि त्याप्रमाणे आधारही निराळा लागतो.

मेंदूचेच उदाहरण घ्या. ताजा मेंदू घट्ट लागलेल्या दह्यासारखा मऊ असतो. बादलीच्या तळाशी ठेवला तर स्वतःच्या वजनानेच चपटा होतो. म्हणून त्याच्या तळाशी असलेल्या एका रोहिणीखालून दोरा ओवतात, दोऱ्याची टोके बादलीच्या कडीला बांधतात आणि मेंदू द्रावणात उलटा तरंगत ठेवतात. दोन-तीन आठवड्यांनी तो सुरीने कापण्याजोगा घट्ट होतो. निसर्गानेही हीच युक्ती केली आहे. कवटीत मेंदूभोवती पाण्यासारखा द्रव असतो आणि त्यामुळे सुमारे चौदाशे ग्रॅमचा मेंदू जेमतेम पन्नास ग्रॅमइतकाच भार देतो. संग्रहालयातल्या मेंदूच्या कापांत पुष्कळदा मधोमध काळसर रक्ताची गाठ दिसते. बहुतेक वेळा ती वाढलेल्या रक्तदाबाची करणी असते. त्या माणसाला आदल्या दिवसापर्यंत काहीच त्रास नसेल. चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्या आणि चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका, असे आम्ही सांगतो ते यासाठी.

फुप्फुसाचे नेमके उलटे. ते हवेने भरलेले असल्यामुळे द्रावणात बुडतच नाही. म्हणून श्वासनलिकेत नळी घालून थोड्या उंचीवरून फॉर्मॅलिन आत सोडतात. फुप्फुस श्वास घेतल्यासारखे फुलते आणि तसेच घट्ट होते. वर तरंगणारा भाग कोरडा पडू नये म्हणून द्रावणात भिजवलेल्या कापसाने तो झाकतात. असे फुगवून घट्ट केलेले फुप्फुस कापले, की वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढणाऱ्याचे फुप्फुस कसे असते ते स्पष्ट दिसते. हवेच्या बारीक पिशव्या फाटून त्यांच्या जागी मोठमोठी भोके पडलेली असतात. न फुगवता ठेवलेल्या फुप्फुसात हीच भोके मिटून जातात आणि विद्यार्थ्याला काही दिसत नाही. म्हणजे आधार चुकला तर आजारच लपतो.

तिसरे उदाहरण ग्रामीण भागातल्या वाचकांसाठी महत्त्वाचे आहे. यकृतात कधीकधी नारळाएवढी पाण्याची गाठ सापडते. तिला हायडॅटिड म्हणतात. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका बारीक कृमीची अंडी हातावाटे किंवा न धुतलेल्या भाजीवाटे आपल्या पोटात गेली, की हा रोग होतो. अशी गाठ कापली की पाणी वाहून जाते आणि पिशवी फाटक्या फुग्यासारखी मिटते. म्हणून तिच्यात फॉर्मॅलिनमध्ये भिजवलेला कापूस ठासून ती गोल ठेवतात. भिंती घट्ट झाल्या की कापूस काढून घेतात. जनावर कापल्यावर त्यातले रोगट काळीज कुत्र्यापुढे टाकू नये, पाळलेल्या कुत्र्याला वेळेवर जंताचे औषध द्यावे आणि कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. एवढे केले तर ही बरणी भरायला नवा नमुना मिळणार नाही.

जठर आणि आतडी उभी कापून उघडतात आणि पाटावर ताणून, कडेने टाचण्या लावून पालथी बुडवतात. तसे केले नाही तर त्यांच्या कडा सुकलेल्या पानासारख्या आत वळतात आणि मधला व्रण दिसेनासा होतो.

तिसरे काम : बरणीत मांडणे

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. घट्ट झालेला अवयव बरणीत नुसता सोडला तर तो तळाशी जाऊन बसेल आणि त्याची दाखवायची बाजू भलतीकडेच वळेल. म्हणून बरणीत पाठीमागे एक पट्टी बसवतात. पूर्वी काचेची पट्टी किंवा काचेच्या सळया वाकवून केलेली चौकट असे. नंतर पर्स्पेक्स, म्हणजे ॲक्रिलिक आले. ते गरम केल्यावर हवे तसे वाकते आणि त्याला बारीक भोके पाडता येतात. बरणीही त्याचीच करतात. मात्र मद्यार्काने ॲक्रिलिकला तडे जातात, म्हणून मद्यार्कातले नमुने काचेतच ठेवावे लागतात.

पट्टीवर अवयव ठेवून आधी पेन्सिलीने खुणा करतात. मग दोन-तीन ठिकाणी भोके पाडून नायलॉनच्या धाग्याने अवयव तिच्यावर टाचतात. गाठ मागच्या बाजूला येते, त्यामुळे पुढून पाहणाऱ्याला धागा दिसत नाही. टाका घालायची जागा काळजीपूर्वक निवडावी लागते. मऊ गरात घातलेला टाका टिकत नाही. रक्तवाहिनीची भिंत, अवयवावरचे जाड आवरण किंवा तंतुमय भाग अशा चिवट जागी तो घ्यावा लागतो. फारच नाजूक नमुना असेल, उदाहरणार्थ काही आठवड्यांचा गर्भ, तर टाका न घालता जिलेटिनच्या थेंबांनी तो पट्टीला चिकटवतात.

त्यानंतर द्रावण भरून बरणी दिवसभर तशीच ठेवतात, म्हणजे अवयवाच्या घड्यांत अडकलेले बुडबुडे वर येतात. शेवटी झाकण कायमचे चिकटवतात. अगदी वरपर्यंत द्रावण भरत नाहीत. उन्हाळ्यात ते प्रसरण पावते आणि त्याला जागा मिळाली नाही तर सांधे उकलतात.

एवढासा धागा एवढे वजन कसा पेलतो, असे कोणी विचारील. आडावर पाणी शेंदणाऱ्या आपल्या आया-बहिणींना याचे उत्तर ठाऊक आहे. घागर पाण्यात असते तोवर हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की हाताला रग लागते. बरणीतल्या अवयवाचेही तसेच आहे. द्रावणच त्याचा बहुतेक भार उचलते. धाग्याचे काम फक्त त्याला जागेवर ठेवण्याचे. फुप्फुसासारख्या हलक्या नमुन्यात तर धागा त्याला वर धरत नाही, खाली धरून ठेवतो.

माझ्या हातून झालेली चूक

हे सगळे मी पुस्तकात वाचले होते. तरी मी ते शिकलो ते एका चुकीमुळे.

मी नुकताच निदर्शक म्हणून नोकरीला लागलो होतो. आमच्या रुग्णालयात एक बावीस-तेवीस वर्षांची बाई दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी धाप लागून दगावली. लहानपणी तिचा घसा वरचेवर सुजे, मग सांधे दुखत, असे तिच्या वडिलांनी सांगितले. आम्ही शवविच्छेदनाची परवानगी मागितली आणि हृदय शिक्षणासाठी ठेवून घेऊ का, असेही विचारले. ते शेतकरी गृहस्थ बराच वेळ भिंतीला टेकून बसून राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या लेकीला उपयोग होणार असेल तर ठेवा."

त्या हृदयातली डावी झडप पाहण्यासारखी होती. निरोगी माणसाच्या या झडपेतून दोन बोटे सहज जातात. हिच्या झडपेच्या कडा चिकटून तिचे तोंड माशाच्या तोंडासारखे अरुंद झाले होते. पेन्सिलसुद्धा जेमतेम गेली असती. गरोदरपणात शरीरातले रक्त पुष्कळ वाढते. ते सगळे एवढ्याशा फटीतून पुढे कसे जाणार?

नमुना मांडायचे काम मी हौसेने अंगावर घेतले. विभागात एक जुने तंत्रज्ञ होते, त्यांना सगळे मामा म्हणत. मामा म्हणाले, "साहेब, मी बसतो बरोबर." मी म्हटले, "राहू द्या, जमेल मला." हृदय हलू नये म्हणून मी धागा चांगला ओढून घट्ट बांधला आणि एक टाका वरच्या कप्प्याच्या पातळ भिंतीत घेतला. बरणी छान दिसत होती. विभागप्रमुखांनी शाबासकीही दिली.

पुढच्या मे महिन्यात एका सकाळी कपाट उघडले तर हृदय तळाशी पडलेले होते. झाकणाच्या सांध्यातून द्रावण हळूहळू उडून गेले होते आणि पातळी निम्म्यावर आली होती. हृदयाचा वरचा भाग द्रावणाबाहेर आला, तसे त्याचे सगळे वजन त्या धाग्यावर पडले. घट्ट ओढलेला धागा तारेने साबण कापावा तसा भिंतीतून खाली उतरला होता आणि जाताना झडपेची एक कड फाडून गेला होता.

मला त्या वडिलांचे शब्द आठवले. त्यांनी विश्वासाने दिलेली वस्तू मी माझ्या हौसेपायी फाडली होती. मी मामांकडे गेलो. ते रागावले नाहीत. त्यांनी हृदय ट्रेमध्ये घेतले, फाटलेली कड मागे येईल असे फिरवले आणि दुसऱ्या बाजूने झडप पुन्हा दिसू लागली. टाके त्यांनी महारोहिणीच्या जाड भिंतीत घेतले आणि प्रत्येक टाक्यात एक काचेचा मणी ओवला. शिंपी जाड कोटाच्या बटणाला आतून छोटे बटण लावतो, म्हणजे ओढ कापडावर न येता बटणावर येते. मण्याचे काम तेच. खाली पट्टीला एक लहानसा कट्टाही चिकटवला, म्हणजे कधी पातळी उतरली तरी हृदयाला टेकायला जागा असावी. गाठ मारताना मामा म्हणाले, "साहेब, धाग्याने अवयव बांधायचा नसतो. अवयव धाग्यावर ठेवायचा असतो."

मी निवृत्त झालो तेव्हा ती बरणी त्याच कपाटात होती. माझ्या अनेक तुकड्या तिच्यापुढे उभ्या राहून शिकल्या. प्रत्येक तुकडीला मी सांगत असे, तेच वाचकांनाही सांगतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा तापासह दुखत असेल तर नुसत्या हळद-दुधावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एकामागून एक सांधे सुजू-दुखू लागले, तर तो हृदयाला धोक्याचा इशारा समजा. अशा मुलांना डॉक्टर दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यायला सांगतात. मूल बरे दिसते म्हणून ते मध्येच सोडू नका. आणि लग्न झालेल्या मुलीला लहानपणी असा त्रास झाला असेल, तर दिवस राहण्यापूर्वीच हृदयाची तपासणी करून घ्या.

नव्या पद्धती

बरणीची निगा ही जन्माची जबाबदारी असते. द्रावण पिवळे पडते, गढूळ होते, आटते. ते बदलावे लागते, सांधे तपासावे लागतात. फॉर्मॅलिनच्या वाफेने डोळे चुरचुरतात, हे आम्ही रोज सोसले. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या वाफेतला फॉर्माल्डिहाइड वायू माणसात कर्करोग करणारा ठरवला. त्यामुळे अशा खोलीत खेळती हवा हवी आणि काम करणाऱ्याने हातमोजे, मुखपट्टी वापरायलाच हवी. आम्ही उघड्या हातांनी काम करत होतो. ते बरोबर नव्हते.

१९७७ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुंथर फॉन हागेन्स यांनी प्लास्टिनेशन ही पद्धत शोधली. अवयवातले पाणी ॲसिटोनने काढून टाकायचे आणि त्या जागी निर्वात पात्रात सिलिकोन भरायचे. असा अवयव कोरडा, बिनवासाचा होतो, हातात घेऊन पाहता येतो, त्याला बरणी लागत नाही. पण पद्धत खर्चाची आहे. म्हणून बरण्यांची कपाटे अजून बऱ्याच ठिकाणी आहेत.

बरणीवर नाव नसते, पण माणूस असतो

बरणीवर फक्त क्रमांक असतो. नाव गुप्त राहावे म्हणून तसे करतात आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे आत कोणीतरी होते, हे विसरले जाते.

लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. चार्ल्स बर्न हा सुमारे साडेसात फूट उंचीचा आयरिश तरुण १७८३ साली लंडनमध्ये वारला. आपल्या देहाची चिरफाड होऊ नये म्हणून आपल्याला समुद्रात बुडवावे, अशी त्याची इच्छा होती. पण जॉन हंटर या प्रसिद्ध शल्यवैद्याने पैसे देऊन त्याचा देह मिळवला आणि सांगाडा करून ठेवला. पुढे १९०९ साली हार्वी कुशिंग या डॉक्टरांनी ती कवटी तपासली. मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीची जागा वाढलेली आढळली आणि त्या उंचीमागचे कारण कळले. शास्त्राचा फायदा झाला, यात शंका नाही. तरीही २०२३ साली संग्रहालय नव्याने उघडताना तो सांगाडा प्रदर्शनातून काढून घेण्यात आला. ज्याने नको म्हटले होते, त्याला दोनशे वर्षे लोकांपुढे उभे केले होते, ही गोष्ट शेवटी मान्य करावी लागली.

आपल्याकडचा इतिहासही फार निराळा नाही. जगातल्या पुष्कळ वैद्यकीय महाविद्यालयांतले जुने सांगाडे आपल्या देशातून गेलेले आहेत आणि ते बहुतेक गरिबांचे होते. १९८५ साली सरकारने ही निर्यात बंद केली. १९४९ साली तेव्हाच्या मुंबई प्रांतात झालेल्या 'ॲनॉटॉमी ॲक्ट'नुसार बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी देता येतात. म्हणजे ज्यांना विचारायला कोणी नव्हते, त्यांच्या देहावर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. मीही त्यांपैकीच एक. म्हणून माझे म्हणणे असे की हे काम समजून-उमजून, स्वखुशीने दिलेल्या दानावर चालावे. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या त्या मागितल्यावर, विचार करून दिल्या. कोणी न विचारता नेल्या असत्या, तर त्याला दान म्हणता आले नसते.

वाचकांसाठी काही सूचना

देहदानाविषयी वाचक अनेकदा विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो.

१) जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात देहदानाचा अर्ज मिळतो. तो साक्षीदारांच्या सह्यांसह भरून द्यावा व एक प्रत घरी ठेवावी.

२) अर्जापेक्षा घरच्यांशी बोलणे महत्त्वाचे. मृत्यूनंतर देह द्यायचा की नाही हे शेवटी नातेवाईकांच्या हाती असते. मुलगा-सून, मुलगी-जावई सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

३) मृत्यूनंतर डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला घेऊन महाविद्यालयाला लगेच कळवावे. उशीर झाल्यास देह स्वीकारता येत नाही.

४) शवविच्छेदन झालेला, फार भाजलेला किंवा काही संसर्गजन्य रोग असलेल्या व्यक्तीचा देह सहसा घेत नाहीत. त्यात मनाला लावून घेण्यासारखे काही नाही.

५) नेत्रदान आणि देहदान दोन्ही करता येते. नेत्रदान मात्र मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि पंखा बंद करावा.

६) शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्रावर सही करताना, काढलेला भाग तपासणीनंतर शिक्षणासाठी ठेवणार आहात का, हे विचारायला संकोच करू नका. हो म्हणणे वा नाही म्हणणे, दोन्ही तुमच्या हातात आहे.

आणि मुलांना संग्रहालय पाहायला न्याल तेव्हा एवढेच करा. आत शिरण्यापूर्वी त्यांना सांगा की इथे जे आहे ते कोणाच्या तरी आईचे, बापाचे, लेकीचे आहे. मग मुले आपोआप हळू बोलतात, असा माझा अनुभव आहे.

त्या मुलीला त्या दिवशी मी म्हटले होते, "बाळ, मागून धाग्याने टाचले आहे आणि पाण्याने उचलून धरले आहे." तेवढे उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. ते हृदय तिथे आहे, कारण कोणीतरी ते दिले, कोणीतरी ते हलक्या हाताने मांडले आणि दरवर्षी कोणीतरी बरणीतले द्रावण पाहते. यांतले एक जरी चुकले तरी ते खाली पडते. ती मुलगी हा लेख वाचत असेल, तर तिच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर हे आहे.